ताशी हजार पानं, आणि हॅरल्ड ब्लूमच्या नावावरच्या बाकीच्या थापा

हॅरल्ड ब्लूम या अमेरिकी समीक्षकाचं नाव मराठी व्हॉट्सॲपवर फिरेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्यांपैकीही निम्म्यांना तो परीक्षेपुरताच माहीत असतो. पण सध्या 'जगातला सर्वांत वेगवान वाचक' अशा मथळ्याचा एक मजकूर जोरात फिरतोय, आणि त्याचा नायक ब्लूम आहे. मजकूर थोडक्यात असा: अडाणी आईबापांच्या पोटी जन्मलेला, शाळेत नापास झालेला, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला हा मुलगा ताशी हजार पानं वाचायचा. एकदा वाचलेलं पुस्तक त्याला दुसऱ्यांदा उघडावं लागलं नाही. त्यानं हजार पुस्तकं लिहिली, समीक्षक असून साहित्याचं नोबेल मिळवलं, आयुष्यभर कुठल्याही वादात पडला नाही, भगवद्गीता हा जगातला सर्वश्रेष्ठ ग्रंथ असं जाहीर केलं आणि शेवटी वर्गात शिकवता शिकवताच प्राण सोडला. त्याखाली तात्पर्य: 'हे तंत्र कोणीही 21 दिवसांत शिकू शकतो.' आणि त्याच्याखाली, अर्थातच, फी.

एरवी मी असलं काही आलं की खोडून टाकतो. पण माझा भाचा पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय, आणि त्यानं त्या फीचा पहिला हप्ता भरला. हे मला कळलं तेही त्याच्या अभिमानामुळे. 'मामा, आता मी राज्यघटनेचं अख्खं पुस्तक एका बैठकीत संपवतो,' असं तो फोनवर म्हणाला. कसं, तर पानाच्या मधोमध बोट ठेवायचं, ते सरळ खाली ओढायचं, मनात शब्द उच्चारायचे नाहीत आणि मागे वळून काही वाचायचं नाही. मी त्याला राज्यपालाच्या अध्यादेशाबद्दल एक साधा प्रश्न विचारला. तो म्हणाला, 'ते पान डोळ्यासमोर आहे, फक्त शब्द दिसत नाहीत.'

तर आधी वेगाचंच बघू. बाकीचे दावे नुसते खोटे आहेत, हा दावा पोरांची वर्षं खातो.

अर्धं सत्य आधी मान्य करून टाकतो, कारण ते लपवलं तर उद्या कोणीतरी तेच माझ्या तोंडावर फेकेल. हा आकडा फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हवेतून काढलेला नाही. ऐन उमेदीत आपण ताशी हजार पानं वाचायचो, ही गोष्ट ब्लूमबद्दलच्या वर्तमानपत्री लेखांतून अनेक वर्षं फिरत होती आणि ब्लूमला ती फिरलेली आवडायची. 2019 साली तो गेला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मृत्युलेखात जरा मवाळ आकडा होता: चारशे पानांचं पुस्तक एका तासात. पण तिथंही वाक्याची रचना बघा, ब्लूम तसं 'म्हणत असे'. अख्खा शेक्सपिअर, मिल्टनचं महाकाव्य, ब्लेकच्या सगळ्या कविता, हिब्रू बायबल हे सगळं पाठ असल्याचा उल्लेखही त्याच्याच हवाल्यानं केलेला आहे. त्याला कोणी प्रयोगशाळेत बसवून, घड्याळ लावून, नंतर प्रश्न विचारून तपासल्याचा पुरावा कोणी पुढे केलेला नाही. त्याला वाचताना पाहून मित्र अचंबित होत, हे खरं. पण अचंबा म्हणजे मोजमाप नव्हे.

आता हिशेब करू. इंग्रजी पुस्तकाच्या पानावर तीनशे शब्द धरा. ताशी हजार पानं म्हणजे एका पानाला 3.6 सेकंद, म्हणजे मिनिटाला पाच हजार शब्द. वाचताना डोळा ओळीवरून गुळगुळीत घसरत जात नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो. वाचन होतं ते या थांब्यांत. 3.6 सेकंदांत असे चौदा-पंधरा थांबे बसतात. म्हणजे एकेका थांब्यात वीसेक शब्द, दोन अख्ख्या ओळी गिळायला हव्यात. आणि इंग्रजी वाचणाऱ्याला एका थांब्यात नजरेच्या उजवीकडची ओळखू येतील अशी अक्षरं किती दिसतात? सातआठ. त्यापुढे पंधराएक अक्षरांपर्यंत पुढचा शब्द लांब आहे की आखूड, इतपत अंदाज येतो, बस. ही मर्यादा डोळ्याच्या पडद्याच्या रचनेतूनच येते. पडद्याच्या अगदी मधला इवलासा भागच बारीक अक्षर टिपू शकतो. 21 दिवसांत पडदा बदलत नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. 2016 साली 'सायकॉलॉजिकल सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट' या नियतकालिकात कीथ रेनर आणि त्याच्या चार सहकाऱ्यांचा वाचन आणि वेगवाचन या विषयावरचा लांबलचक आढावा आला. वाचताना डोळा काय करतो, हा रेनरचा जन्मभराचा अभ्यासविषय. हा लेख छापून येण्याआधीच तो गेला. ज्याला या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल त्यानं ही वाचावी, आणि हळू वाचावी. लेखाचा सूर अजिबात भांडखोर नाही, म्हणून तो जास्त लागतो. वेग आणि आकलन यांत सौदा असतो, एक वाढवलं की दुसरं घटतं, हे त्यात पानोपानी पुराव्यानिशी दाखवलेलं आहे. सुशिक्षित प्रौढ माणूस मिनिटाला साधारण दोनशे ते चारशे शब्द वाचतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं गेलं तर जे होतं त्याला वाचन म्हणत नाहीत, चाळणं म्हणतात.

आता भाच्याला शिकवलेल्या युक्त्या घेऊ, कारण त्या सगळ्या या लेखात एकेक करून तपासलेल्या आहेत.

मनातला आवाज बंद करा, ही पहिली. वेगवाचनाच्या बाजारात हा आवाज म्हणजे शत्रू नंबर एक. प्रत्यक्षात मनातल्या मनात शब्द ऐकू येणं ही आकलनाला मदत करणारी गोष्ट आहे. तो आवाज दाबला की सोपा मजकूर एकवेळ कळतो, पण अवघड मजकुराचं आकलन ढासळतं. 'परंतु', 'अधीन राहून', 'अन्यथा तरतूद केली नसेल तर' अशा शब्दांवर ज्याचा सगळा अर्थ उभा आहे, तो कायद्याचा मजकूर मनातला आवाज बंद करून वाचायचा? वा.

मागे वळून वाचू नका, ही दुसरी. इथं तर मला अक्षरशः हसू आलं. चांगला वाचकही अधूनमधून मागे जातो, कारण त्याच्या लक्षात येतं की आपण वाक्य चुकीचं लावलं. मागे जाण्याची सोयच काढून घेतली तर आकलन खालावतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपलं चुकलं हे ज्याला कळतं तोच मागे वळतो. भाच्याला शिकवलंय की तसं करणं ही वाईट सवय आहे.

तिसरी युक्ती म्हणजे अख्खं पान एका नजरेत. त्याचा हिशेब वर झाला.

याच आढाव्यात एका जुन्या प्रयोगाची हकिगत आहे. वेगवाचनाचा वर्ग पुरा केलेली माणसं, नुसतं भराभर चाळायला सांगितलेली माणसं आणि नेहमीसारखं वाचणारी माणसं, असे तीन गट. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय सांगण्यात वेगवाचकांना चाळणाऱ्यांपेक्षा थोडं अधिक जमलं, हे कबूल. पण मजकूर अवघड झाला किंवा बारीकसारीक तपशील विचारला की ती आघाडी गेली, आणि नेहमीसारखं वाचणारे दोघांच्याही पुढे. परीक्षेत विचारतात तो तपशीलच, ढोबळ आशय नव्हे. बहुपर्यायी प्रश्नात चारही पर्यायांचा ढोबळ आशय सारखाच असतो, हे ज्यानं एकदा पेपर दिलाय त्याला सांगायला नको.

वाचनाचा वेग वाढतो, तो असा: भाषा जितकी अंगवळणी पडलेली, विषय जितका ओळखीचा, तितका वेग आपोआप वाढतो. रेनर आणि मंडळी इथंच येऊन थांबतात. ब्लूमकडे परत जायची वाटही इथूनच आहे, कारण त्याच्या वेगात जे काही खरं असेल त्याचं स्पष्टीकरण तेच आहे. दहा-बारा वर्षांचा असताना ब्राँक्सच्या सार्वजनिक ग्रंथालयात हार्ट क्रेनच्या कविता हाती लागलेला, तिथपासून इंग्रजी कविता तोंडपाठ करत आलेला, पस्तिशीपर्यंत शेली, ब्लेक आणि सगळ्या रोमँटिक कवींवर पुस्तकं लिहून मोकळा झालेला माणूस जेव्हा रोमँटिक कवितेवरचं आणखी एक पुस्तक उचलतो, तेव्हा त्यातली अर्धी उद्धृतं त्याला पाठ असतात आणि उरलेला युक्तिवाद पहिल्या परिच्छेदावरून कळतो. तो भराभर पानं उलटणारच. आपल्याकडचा मुरलेला कीर्तनकार ज्ञानेश्वरीच्या पोथीची पानं उलटतो तेव्हा तो ती पहिल्यांदा वाचत नसतो. त्याचं पान उलटणं बघून कोणी वेगाचा वर्ग काढत नाही.

आणि हा महान वाचक घाईत काय करत असे, तेही सांगतो. 2003 साली लोकप्रिय भयकथाकार स्टीफन किंगला अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनचं सन्मानपदक जाहीर झालं, त्यावर चिडून ब्लूमनं 'बॉस्टन ग्लोब'मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यानं हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकालाही झोडपलं. म्हणाला, या पुस्तकात कोणी फिरायला निघालं की लेखिका दरवेळी 'पाय मोकळे केले' अशा अर्थाचा एकच गुळगुळीत वाक्प्रचार वापरते. पुढे त्याचेच शब्द: 'मी एका पाकिटाच्या मागे खुणा करत गेलो आणि कित्येक डझन खुणा झाल्यावर मोजायचं सोडलं.' पुस्तक घरोघरी आहे, कोणीही उघडून मोजावं. कित्येक डझन तर सोडाच, एक डझनही भरत नाहीत. ज्याला म्हणे अख्खा शेक्सपिअर पाठ होता, त्याला न आवडणाऱ्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी दिसल्या. हॅरी पॉटरबद्दल त्याचं मत पटो न पटो, पण 'ताशी हजार पानं' वाचणाऱ्यानं जे नीट वाचलं नाही त्याचा हा छापील पुरावा आहे. फॉरवर्डमध्ये हा किस्सा नाही, याचं नवल नाही.

यातली सगळ्यात उघडीवाघडी थाप पुढची आहे: 'एकदा वाचलेलं पुस्तक त्याला पुन्हा उघडावं लागलं नाही.' अरे! 1994 साली आलेल्या 'द वेस्टर्न कॅनन' या त्याच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात अभिजात साहित्याची कसोटी म्हणून त्यानं काय सांगितलंय? जे पुन्हा वाचायला भाग पाडत नाही ते अभिजात नाही. म्हणजे त्याची एक कसोटीच पुनर्वाचनाची. त्याच पुस्तकात तो म्हणतो, वाचणाऱ्याला निवड करावीच लागते, कारण दुसरं काही न करता नुसतं वाचत बसलं तरी सगळं वाचून व्हायला आयुष्य पुरत नाही. म्हणजे वेगाची फुशारकी मारणाऱ्यालाही वेगानं हा प्रश्न सुटणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. 2000 साली कसं वाचावं आणि का वाचावं यावर त्यानं सामान्य वाचकांसाठी एक वेगळं पुस्तकच लिहिलं. त्यात वेगाचं तंत्र कुठेही नाही. छोट्या कविता पाठ करा, मोठ्यानं म्हणा, पुन्हा म्हणा, असा सल्ला आहे. म्हणजे मनातला आवाज बंद करणं दूरच, तो बाहेर काढायचा. म्हातारपणी झोप येत नसे तेव्हा रात्ररात्र तो कविता आठवत, म्हणत पडायचा, आणि त्याच्या शेवटच्या काळातल्या लेखनात ते पाठांतरच मुख्य आहे. आपल्या आजी-पणजीला हे नव्यानं सांगावं लागलं नसतं.

लिहिण्याचा वेगही बघा. त्याचं नाव ज्यामुळे झालं ते 'द अँग्झायटी ऑफ इन्फ्लुएन्स' हे दीडशे पानांचं पुस्तक. मोठा कवी आपल्या आधीच्या मोठ्या कवीच्या ओझ्याखाली दबलेला असतो आणि त्याला मुद्दाम, सर्जनशील रीतीनं चुकीचं वाचून तो स्वतःसाठी जागा करतो, असा त्याचा गाभा. पहिला खर्डा 1967 च्या उन्हाळ्यात झाला. पुढची पाच वर्षं त्यानं त्यावर हात फिरवला आणि पुस्तक 1973 च्या जानेवारीत बाहेर आलं. दीडशे पानं. फॉरवर्डच्या हिशेबानं वाचायला नऊ मिनिटं.

'हजार पुस्तकं लिहिली' याचं मूळ मात्र सापडतं. चेल्सी हाउस या प्रकाशनासाठी त्यानं विद्यार्थ्यांच्या उपयोगाच्या समीक्षासंग्रहांच्या मालिका संपादित केल्या. एकेका लेखकावर किंवा कलाकृतीवर इतरांचे लेख निवडायचे आणि वर आपली प्रस्तावना जोडायची. अशी शेकडो पुस्तकं निघाली, आणि ग्रंथालयाच्या फळीवर त्याच्या नावाची रांग दिसते ती ही. त्या प्रस्तावना सगळ्याच काही उत्तम नाहीत, काही तर उघड घाईत उरकलेल्या आहेत. त्यानं स्वतः लिहिलेली पुस्तकं चाळीसहून थोडी अधिक. तीही कमी नाहीत. हजार करायची गरज काय होती?

'अडाणी आईबाप, शाळेत नापास, कॉलेज नाही.' यात खऱ्याचा थोडा अंश आहे आणि त्याचा विपर्यास मला सर्वांत जास्त खुपतो. ब्लूमचा जन्म 11 जुलै 1930 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. घर सनातनी ज्यू, भाषा यिडिश, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार, पाच भावंडांत हा धाकटा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले आणि त्यांना शेवटपर्यंत इंग्रजी वाचता येत नव्हतं. इंग्रजी वाचता येत नाही म्हणजे अडाणी, हे समीकरण मराठी माणसानं मराठीत लिहून मराठी ग्रुपांवर पाठवावं, याला काय म्हणायचं? ज्या घरात पोराला आधी यिडिश, मग हिब्रू आली आणि इंग्रजी त्यानं पाचसहा वर्षांचा असताना स्वतःच पुस्तकांतून उचललं, ते घर अडाणी नव्हे. ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये त्याचे गुण यथातथाच होते, हे खरं. ती विज्ञानाची शाळा आणि याचं लक्ष कवितेत. पण सार्वत्रिक परीक्षांत तो चमकला आणि शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथं एम. एच. एब्रम्ससारखा शिक्षक मिळाला. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना साहित्यसंज्ञांच्या कोशामुळे माहीत असलेला, तोच एब्रम्स. 1951 ला पदवी, मध्ये केंब्रिजला एक वर्ष, 1955 ला येलची पीएच.डी. आणि त्याच वर्षापासून येलमध्ये नोकरी, ती मरेपर्यंत. चौसष्ट वर्षं विद्यापीठात काढलेल्या माणसाला 'कॉलेजचं तोंड न पाहिलेला' म्हणायचं, म्हणजे कॉलेज करणाऱ्या पोरांना आपण मूर्ख आहोत असं वाटावं आणि त्यांनी लिंक दाबावी.

नोबेल? नाही मिळालं. 1985 ची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, 1999 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्सचं समीक्षेसाठीचं सुवर्णपदक मिळालं, आणखीही बरंच. नोबेलशी त्याचा संबंध आला तो 2007 साली ब्रिटिश लेखिका डोरिस लेसिंगला ते मिळाल्यावर. हा निव्वळ 'पोलिटिकल करेक्टनेस' आहे, म्हणजे कोणी दुखावू नये म्हणून घेतलेली भूमिका, अशा अर्थाचं बोलून त्यानं लोकांचा राग ओढवून घेतला.

यातच 'वादात पडला नाही' याचंही उत्तर आलं. वाद हा त्याचा श्वास होता. सत्तरच्या दशकात तो येलच्या इंग्रजी विभागातून बाहेर पडला आणि मानव्यविद्येचा स्वतंत्र प्राध्यापक, एकट्याचाच विभाग, म्हणून राहिला. स्त्रीवादी, मार्क्सवादी, नवइतिहासवादी अशा सगळ्यांना त्यानं एकाच मोळीत बांधून 'आकसाचा संप्रदाय' ठरवलं. हे मला तेव्हाही आळशीपणाचं वाटलं आणि आजही वाटतं. ज्यांना तो आकसखोर म्हणाला, त्यांच्यातल्या कित्येकांनी जेन ऑस्टिन किंवा एमिली डिकिन्सन त्याच्याइतक्याच बारकाईनं वाचल्या होत्या. 2004 मध्ये लेखिका नेओमी वूल्फ हिनं 1983 मधल्या विद्यार्थिदशेतल्या प्रसंगाबद्दल त्याच्यावर अयोग्य वर्तनाचा जाहीर आरोप केला. त्यानं तो नाकारला. असल्या आयुष्याला निर्विवाद म्हणणारा फॉरवर्डकार एकतर काहीच वाचत नाही किंवा फार वेगानं वाचतो.

आणि गीता. हा मुद्दा टाकल्याशिवाय मजकूर पुढे सरकत नाही, हे लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक आहे. 'द वेस्टर्न कॅनन'मध्ये ब्लूमनं सव्वीस लेखक घेतले: शेक्सपिअर, दान्ते, सर्व्हान्तेस, गटे, टॉलस्टॉय, ऑस्टिन, व्हिटमन, काफ्का, बोर्हेस, पेसोआ वगैरे. सगळे युरोप आणि दोन्ही अमेरिका खंडांतले, कारण पुस्तकाच्या नावातच पाश्चात्य आहे. मध्यभागी शेक्सपिअर, आणि तिथून तो आयुष्यात कधीच हलला नाही. चार वर्षांनी त्याच्यावर त्यानं जे जाडजूड पुस्तक लिहिलं त्यात तर माणूस म्हणजे काय हेच शेक्सपिअरनं घडवलं असं म्हटलंय. मग गीता कुठून आली? पुस्तकाच्या शेवटी वाचनीय पुस्तकांची एक लांबच लांब यादी जोडलेली आहे. तिच्या पहिल्या भागात प्राचीन भारत या मथळ्याखाली महाभारत, भगवद्गीता आणि रामायण आहेत. यादीतल्या शेकडो नावांतली तीन नावं. 'सर्वश्रेष्ठ' हा शिक्का त्यावर फॉरवर्डकारानं मारला.

त्या यादीचीही गंमत आहे. शेवटच्या, विसाव्या शतकाच्या भागात भारत पुन्हा येतो, पण फक्त इंग्रजीत लिहिणारा: आर. के. नारायण, सलमान रश्दी आणि रूथ प्रवर झाबवाला, प्रत्येकी एक पुस्तक. बाकी आपण सगळे, म्हणजे बंगाली, उर्दू, मराठी, कन्नड, मल्याळम, गैरहजर. महाभारत लिहून झाल्यावर या देशानं दोन-अडीच हजार वर्षं सुट्टी घेतली आणि मग थेट इंग्रजीत लिहायला सुरुवात केली, असं त्या यादीवरून वाटावं. नंतर एका मुलाखतीत ब्लूमनं स्वतःच ती यादी झटकून टाकली. ती माझी कल्पना नव्हती, प्रकाशक, संपादक आणि एजंट यांची होती, असं तो म्हणाला. म्हणजे ज्या यादीवर गीतेचं प्रमाणपत्र टांगलंय, ती यादी देणाऱ्यानंच नाकारलेली. गीतेला याची काही गरज नव्हती, पण आपल्याला ती फार असते.

वर्गातल्या मरणाबद्दल: येलमधला त्याचा शेवटचा तास 2019 च्या ऑक्टोबरात गुरुवारी झाला आणि सोमवारी, 14 तारखेला, न्यू हेवनच्या रुग्णालयात तो गेला. वय 89. एवढी साधी हकिगत त्यांना पुरली नाही.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, 'मामा, मग राज्यघटनेचं ते पुस्तक संपवायला खरंच किती वेळ लागतो?' प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब इथंच मांडतो. इंग्रजीतलं माहितीपर लेखन मुकाट्यानं वाचण्याचा सरासरी वेग अनेक अभ्यास एकत्र करून मिनिटाला 238 शब्द निघालेला आहे. हा निष्कर्ष 2019 चा, मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबेर्ट याचा. सहाशे पानांचं पुस्तक, पानावर साडेतीनशे शब्द, म्हणजे दोन लाख दहा हजार शब्द. पंधरा तासांच्या आत पहिलं वाचन होतं. दिवसाला दोन तास धरले तरी आठवडा-सव्वा आठवडा. मग दुसरं वाचन, आणि ते पहिल्यापेक्षा लवकर उरकतं, कारण विषय तोवर ओळखीचा झालेला असतो. हप्त्याचे पैसे परत मिळणार नाहीत असं तिथून कळवलंय. दुसरा हप्ता भरू नकोस, एवढंच त्याला सांगितलं.